पुढची तारीख

विनिपेगला भाचीकडे आम्ही दोघं सहा आठवडे होतो. आमचे हे एकतीस वर्षं सरकारी वकील, त्यातली बरीचशी सातारा जिल्ह्यात गेली. भाची तिकडे सरकारी खर्चानं गरीब आरोपींच्या बाजूनं उभ्या राहणाऱ्या वकिलांपैकी एक. म्हणजे एकानं जन्मभर माणसं आत घातली आणि दुसरी त्यांना बाहेर काढायच्या मागे. मधे मी, मराठीची निवृत्त शिक्षिका. कायद्यातलं मला काही कळत नाही, पण ह्या मामा-भाचीची भांडणं ती कॉलेजात होती तेव्हापासून ऐकत आले आहे. त्यातलं एक लिहून ठेवते. ब्रँडनहून परत येताना गाडीत सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या चहापर्यंत पुरलं.

जुलै संपत आला होता. संध्याकाळचे साडेआठ वाजले तरी ऊन उतरलं नव्हतं. रस्ता सरळ, म्हणजे अगदी सुतात ओढल्यासारखा. दोन्ही बाजूंना कनोलाची पिवळीधमक शेतं, आपल्या मोहरीची चुलतबहीणच. पोर्टेज ला प्रेरी हे गाव जवळ आलं तशी भाची म्हणाली, "मामा, बसमधला तो प्रकार इथेच झाला. ह्याच रस्त्यावर, गावाच्या थोडं अलीकडे."

ह्यांना तो माहीत होता. ह्यांना असलं सगळं माहीत असतं. मला नव्हता, म्हणून तिनं सांगितला. ३० जुलै २००८ ची रात्र. एडमंटनहून विनिपेगला येणारी ग्रेहाउंडची बस. बावीस वर्षांचा एक मुलगा आपल्या सीटवर झोपलेला. शेजारी चाळिशीचा एक माणूस, ओळख ना देख. त्या माणसाच्या कानात देव बोलत होता, आणि शेजारी झोपलेल्या पोरापासून तुला धोका आहे असं सांगत होता. त्यानं चाकू काढला. प्रवासी जिवाच्या आकांतानं खाली उतरले, पोलिसांनी बसला वेढा घातला. आत पुढे काय काय झालं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मार्च २००९ मध्ये खटला उभा राहिला. सरकार पक्षाचा मनोविकारतज्ज्ञ आणि बचाव पक्षाचा मनोविकारतज्ज्ञ, दोघांनी एकच सांगितलं: स्किझोफ्रेनिया, आणि आपण करतोय ते चूक आहे हे कळण्याच्या अवस्थेत तो नव्हता. न्यायाधीशांनी निकाल दिला, की कृत्य ह्यानंच केलं, पण फौजदारी कायद्याच्या दृष्टीनं तो त्याला जबाबदार नाही.

"आणि सुटला," हे म्हणाले.

"सुटला नाही."

"२०१७ मध्ये सुटला. बिनशर्त. वाचलंय मी."

"२०१७ मध्ये सुटला, मामा. २००९ मध्ये नाही. मधली आठ वर्षं तू सरळ गाळतोयस."

"ज्याचं पोर गेलं त्याच्या हिशोबात आठ वर्षं म्हणजे काय गं? खुनाचा गुन्हा शाबीत झाला असता तर तुमच्याकडे जन्मठेप आहे. दहा वर्षांच्या आत पॅरोलचं नावसुद्धा काढता येत नाही. हा साडेआठ वर्षांत मोकळा, नाव बदलून, कुणाला काही सांगायचं बंधन नाही, गोळी घ्यायचंसुद्धा नाही!"

भाचीनं गाडीचा वेग कमी केला. तिला वाद घालताना गाडी नीट चालवता येत नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

"ही पद्धत चालते कशी, ते आधी ऐक. मग बोल."

चालते ती अशी. असा निकाल लागला की माणूस तुरुंगात जात नाही आणि घरीही जात नाही. तो जातो मंडळापुढे. प्रत्येक प्रांतात एक मंडळ असतं. अध्यक्ष न्यायाधीश, निवृत्त न्यायाधीश किंवा न्यायाधीश होण्याची पात्रता असलेला. एक मनोविकारतज्ज्ञ असावाच लागतो. बाकीचे कुणी मानसशास्त्रज्ञ, कुणी वकील, कुणी साधा नागरिक. झगे नाहीत, पिंजरा नाही, बहुतेक वेळा सुनावणी रुग्णालयातल्याच एखाद्या खोलीत होते. रुग्णालयाचं म्हणणं, सरकारी वकिलाचं म्हणणं, आरोपीच्या वकिलाचं म्हणणं. मग मंडळापुढे तीनच वाटा: रुग्णालयात ठेवा, अटी घालून बाहेर सोडा, नाहीतर पूर्ण मोकळा करा. आणि जोवर पूर्ण मोकळा केलेला नाही तोवर वर्षाच्या आत पुन्हा हेच. दरवर्षी.

"दरवर्षी तारीख," हे म्हणाले. "हे आमच्यासारखंच."

"तुमच्यासारखं नाही. तुमची तारीख पडते. आमची होते."

मी मागच्या सीटवर हसले. ह्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

ती सांगत राहिली. बसमधल्या त्या माणसाला सेलकर्कच्या मनोरुग्णालयात ठेवलं. २०१० मध्ये मंडळानं त्याला आवारात फिरायची परवानगी दिली, तीही सोबत माणसं देऊन. त्यावरून केवढा गदारोळ झाला. २०१२ मध्ये सोबतीनं गावात. २०१४ मध्ये गावात एकट्यानं. २०१५ मध्ये विनिपेगमधल्या देखरेखीच्या घरात. नंतर स्वतंत्र राहणं. मग फेब्रुवारी २०१७. "एकेक पायरी, आणि प्रत्येक पायरीवर तोच प्रश्न: ह्याच्यापासून लोकांना खराखुरा, गंभीर धोका आहे का? नुसती शंका नाही चालत. १९९९ मध्ये विंको नावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय, की आजार आहे म्हणून माणूस धोकादायक असं धरून चालायचं नाही. धोका दिसत नसेल तर मंडळाला सोडावंच लागतं. मर्जीचा प्रश्नच नाही."

"आणि धोका नाही हे कोण ठरवणार? औषधं घेतोय म्हणून शांत बसलेल्या माणसाकडे बघून? वाघ पिंजऱ्यात शांत आहे म्हणून दार उघडायचं?"

"वाघ म्हणू नकोस, मामा."

"बरं, नाही म्हणत. पण उत्तर दे."

तिचं उत्तर लगेच आलं नाही. पोर्टेज मागे पडलं. ह्या रस्त्यानं आता ती बसही धावत नाही. कंपनीनं पश्चिमेकडच्या फेऱ्या २०१८ मध्येच बंद केल्या.

घरी पोचल्यावर खिचडी टाकली. दोघंही स्वयंपाकघरातच येऊन बसले, म्हणजे वाद माझ्या ताटात. ह्यांचं एक आहे, कायद्यावर बोलायला लागले की हे थेट मुळाशी जातात. १८४३ सालच्या जानेवारीत लंडनला ग्लासगोच्या एका सुतारानं पंतप्रधान पील समजून त्यांच्या सचिवाला गोळी घातली. मॅकनॉटन त्याचं नाव. ज्युरीनं वेडाच्या कारणावरून त्याला दोषमुक्त केलं, लोक खवळले, व्हिक्टोरिया राणीही खवळली, आणि उमरावांच्या सभागृहानं न्यायाधीशांना बोलावून विचारलं की बाबांनो, नियम तरी काय आहे? त्या उत्तरांतून जो नियम निघाला तोच १८६० च्या आपल्या दंडसंहितेत कलम ८४ झाला, आज भारतीय न्याय संहितेत कलम २२ आहे. कॅनडाच्या फौजदारी संहितेतलं कलम १६ त्याच घराण्यातलं.

"म्हणजे पणजोबा एकच," हे म्हणाले. "मलाही तेच शिकवलं, तुलाही तेच. कृत्याच्या वेळी मन ठिकाणावर नव्हतं, तर शिक्षा नाही. ते मला मान्य आहे. वेड्याला फाशी द्या म्हणणारा मी नाही. माझी तक्रार पुढची आहे. शिक्षा नाही, ठीक. पण म्हणून मोकळीकही नाही! इंग्रजांनी १८०० सालीच कायदा केला होता, राजावर गोळी झाडणाऱ्या हॅडफिल्डच्या वेळी. असल्या माणसाला राजाची मर्जी असेपर्यंत डांबून ठेवायचं. त्यात शहाणपण होतं."

"ते शहाणपण आमच्याकडे १९९१ पर्यंत होतं," भाची म्हणाली. "प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरची मर्जी. मर्जी त्याच्या नावानं, निर्णय मंत्रिमंडळाचा. स्वेन नावाच्या माणसाचा खटला बघ. त्यानं भ्रमात घरच्यांवर हल्ला केला. उपचार झाले, बरा झाला, जामिनावर सुटून घरी राहत होता. खटला उभा राहीपर्यंत तो नीट होता. पण निकाल लागला वेडाचा, आणि कायदा म्हणत होता की मर्जी कळेपर्यंत कडक कोठडीत टाका. बरा असताना! त्याला आता आजार आहे का, धोका आहे का, हे कुणी विचारायचंच नाही. सर्वोच्च न्यायालयानं ते कलम रद्द केलं, आणि १९९२ मध्ये ही मंडळं अधिकारासकट उभी राहिली. तू ज्याला मोकळीक म्हणतोस ना मामा, ती मोकळीक नाही. विचारपूस आहे."

विचारपूस. मला हा शब्द आवडला, आणि ह्यांनाही आवडला असावा, कारण हे दोन घास गप्प बसले.

मराठीची बाई म्हणून मला इथं एक सांगावंसं वाटतं. आपल्याकडे ह्या सगळ्यासाठी शब्दच धड नाहीत. आपल्या न्यायालयात असा माणूस "निर्दोष सुटतो". कायदा अशा वेळी कृत्य त्यानंच केलं की नाही हे निकालात लिहायला लावतो, पण गावात पोचतो तो एकच शब्द: सुटला. आईच्या डोक्यात पाटा घालणाराही सुटला आणि खोट्या केसमध्ये अडकलेलाही सुटला. कॅनडाच्या कायद्यानं निदान शब्द तरी वेगळा केला आहे. तिथं तो दोषी नाही आणि निर्दोषही नाही, "जबाबदार नाही". शब्दानं मेलेलं माणूस परत येत नाही हे मला कळतं. पण ज्या आईनं निकाल ऐकायचा असतो, तिला "निर्दोष" ऐकावं लागणं आणि "केलं त्यानंच" ऐकायला मिळणं, ह्यात फरक आहे.

हे मी बोलले, तर दोघांनीही मान डोलावली. असं फार क्वचित होतं.

मग ह्यांनी पान उलटलं. "आई म्हणालीस म्हणून विचारतो. त्या मुलाच्या आईचं काय? दरवर्षी तुमची विचारपूस. ती आरोपीची. आईला दरवर्षी नोटीस. दरवर्षी त्या खोलीत बसायचं, निवेदन वाचायचं, आणि समोर तो. तिचं घाव भरायचं वर्ष कोणतं?"

भाचीनं चमचा खाली ठेवला. "हे तुझं खरं आहे."

"खरं आहे म्हणजे?"

"म्हणजे ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. तिला निवेदन वाचता येतं, निर्णयाची माहिती मागता येते. पण ती पक्षकार नाही. तिच्या निवेदनानं धोक्याचं गणित बदलत नाही, कारण दुःख किती झालं हा तिथला प्रश्नच नाही. मी अशा खोल्यांत बसलेय. माझ्या अशिलाच्या बाजूनं बोलताना समोरच्या बाकावर कुणाची तरी आई असते. मी तिच्याकडे बघायचं टाळते."

हे काही बोलले नाहीत. सरकारी वकील म्हणून ह्यांच्या बाजूला कायम ती आई बसलेली असायची, हे मला माहीत आहे.

"आणि फक्त आईच नाही," ह्यांनी हळूच जोडलं. "त्या रात्री बसपाशी पोचलेल्या पोलिसांपैकी एकानं २०१४ मध्ये स्वतःला संपवलं. ते तुमच्या कोणत्या मंडळापुढे येतं?"

"कुठल्याच नाही."

त्याच वर्षी, २०१४ मध्ये, कायदा बदलला होता. बदलावा म्हणून त्या मुलाच्या आईनं आणि तिच्यासारख्या इतरांनी जंग जंग पछाडलं होतं. आता कायद्यात लिहिलं आहे की मंडळानं निर्णय घेताना लोकांची सुरक्षितता सर्वांत वर धरायची. शिवाय न्यायालय काही आरोपींवर "अतिधोकादायक" असा शिक्का मारू शकतं. शिक्का बसला की एकट्यानं बाहेर पडणं बंद, पुढची सुनावणी तीन वर्षांपर्यंत लांबवता येते, आणि शिक्का काढायचा तर न्यायालयातच जावं लागतं, मंडळाच्या हातात ते नाही.

"हे बरोबर केलं," हे म्हणाले.

"अर्धं. तीन वर्षं नातेवाइकांना सुनावणीला यावं लागत नाही, तेवढं बरोबर. पण शिक्का कशावर? तर कृत्य किती भयानक होतं, ह्यावरसुद्धा. मामा, आजार भयानक होता म्हणून कृत्य भयानक झालं. त्यावरून उद्याचा धोका नाही मोजता येत. ज्यानं सगळ्यात हादरवणारं केलं, तो औषधाला सगळ्यात चांगला प्रतिसाद देणाराही असू शकतो. आणि ज्यानं किरकोळ धमकी दिली, तो वर्षानुवर्षं आत राहतो. ह्या कायद्याला कमाल मुदत नाही, ठाऊक आहे? १९९२ च्या कायद्यात मुदतीची कलमं लिहिली होती. ती कधी लागूच केली नाहीत. २००५ मध्ये पुसून टाकली. दुकानात काच फोडणारा तुरुंगात गेला असता तर महिन्यांत बाहेर आला असता. मंडळाकडे आला तर दहा वर्षंही आत राहू शकतो. तू नेहमी विचारतोस की वेडाचं सोंग घेऊन लोक सुटतील. माझ्या धंद्यातले वकील उलट सांगतात: किरकोळ गुन्हा असेल तर हा बचाव घेऊच नकोस, तुरुंग परवडला."

हे ऐकून ह्यांनी भुवया उंचावल्या. सोंगाचा मुद्दा ह्यांचा ठेवणीतला होता. तो काढायच्या आधीच हातातून गेला.

पण हे हरणारे नव्हेत. "आकडे काय सांगतात? आकड्यांवर बोल."

"आँटॅरिओ, क्वेबेक आणि ब्रिटिश कोलंबियातल्या अठराशे लोकांचा अभ्यास झालाय. तीन वर्षांत शंभरातले सतरा पुन्हा कुठल्यातरी गुन्ह्यात सापडले. गंभीर हिंसेचं प्रमाण एक टक्क्याच्याही आत."

"म्हणजे सतरा सापडले."

"त्र्याऐंशी नाही सापडले."

"वकिली करू नकोस!"

"तूच शिकवलीस."

दोघं हसले आणि मी ताटं उचलली. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. सकाळी चहाला हे आधीच येऊन बसलेले. रात्री झोप लागली नसावी. झोप लागली नाही की हे माणसाशी मऊ बोलतात. म्हणाले, "पोरी, त्या माणसाचं आधीचं काय? बसच्या आधीचं?"

तिनं सांगितलं. २००५ मध्ये टोरोंटोजवळच्या एका महामार्गावर तो पायी चालत होता, सूर्याच्या मागे जायला सांगितलंय म्हणून. पोलिसांनी उचलून रुग्णालयात नेलं. थोड्या दिवसांत तो तिथून निघून गेला. नंतर कुणी मागे गेलं नाही. तीन वर्षांनी ही बस.

"म्हणजे," हे सावकाश म्हणाले, "आजारी होता तेव्हा एकाही मंडळानं विचारलं नाही. खून केल्यावर दरवर्षी विचारायला लागले. खून केला की तुमच्याकडे उपचार नीट मिळतात, असंच ना?"

मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "हो. असंच. त्या अठराशे लोकांतल्या बहुतेकांना आधी कधीतरी मनोविकार विभागात दाखल केलेलंच होतं. मी मंडळापुढे ज्या माणसांसाठी उभी राहते, त्यांना घर, डॉक्टर, कामावर सोबत जाणारा माणूस, सगळं मिळतं. त्यांच्या आयांनी हेच सगळं आधी मागितलेलं असतं. तेव्हा उत्तर मिळालेलं असतं, की तुमचा मुलगा अजून कुणाला धोकादायक नाही."

चहा निवला. मग ह्यांनी जे सांगितलं ते मी लग्नाला बेचाळीस वर्षं होऊनही ऐकलं नव्हतं.

१९९४ साल. कोरेगाव बाजूचं एक गाव. थोरला भाऊ रात्री शेतातल्या खोपीत झोपलेला. धाकट्यानं कोयता घातला. हा माझा भाऊ नव्हेच, भावाचं कातडं पांघरून दुसराच कुणी येऊन झोपलाय, असं त्याचं म्हणणं. फिर्याद दिली आईनं, कारण घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं. हे सरकार पक्षाकडून. ह्यांनी कलम ८४ ला विरोध केला, जोरात केला. वेड आहे हे शाबीत करायचं ओझं आरोपीवर, वगैरे. न्यायाधीशांनी ऐकलं नाही. निर्दोष. जुन्या प्रक्रिया संहितेच्या कलम ३३५ खाली सुरक्षित ताब्यात ठेवायचा हुकूम, मनोरुग्णालयात रवानगी.

"कोर्टाच्या पायरीवर म्हातारीनं मला गाठलं. मेलेल्याचीही आई तीच आणि मारणाऱ्याचीही तीच. मला वाटलं, शिव्या देणार. ती म्हणाली, 'सायेब, आता ह्येला कुटं नेनार? आन मी भेटाय कुटं येऊ?' मी म्हणालो, 'बाई, ते आता आमच्याकडे नाही.' आणि गाडीत बसलो. पुढची केस होती."

"मग?"

"मग काय. माझ्या लेखी फाइल बंद. हरलेली केस."

"त्याला सोडलं का?"

"तेच तर. मला माहीत नाही."

भाचीनं विचारलं, तुमच्याकडे कोण ठरवतं? हे म्हणाले, रुग्णालयातल्या तपासनीसांनी दाखला द्यायचा की ह्याच्यापासून आता स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका नाही. दाखला राज्य सरकारकडे जातो. सरकारनं ठरवायचं: सोडा, ठेवा, दुसरीकडे हलवा. हवं तर एक न्यायिक आणि दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांचा आयोग नेमायचा.

"राज्य सरकार," ती म्हणाली. "म्हणजे आमची १९९१ ची मर्जी."

"पण २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे की," मी मधेच बोलले. पेपरात वाचलेलं आठवलं. "त्यातही मंडळं आहेत."

"आहेत," हे म्हणाले. "जिल्हा न्यायाधीश, कलेक्टरचा प्रतिनिधी, मनोविकारतज्ज्ञ, आणखी एक डॉक्टर, शिवाय रुग्णांच्या किंवा सांभाळणाऱ्यांच्या बाजूचे दोघं. कागदावर तुझ्या मंडळापेक्षा उजवी. पण ती रुग्णाच्या हक्कांसाठी. खुनाच्या खटल्यातून आलेल्याला सोडायच्या कागदावर शेवटची सही सरकारचीच. आणि सरकारला आठवण कोण करून देणार? घरचा माणूस. ज्याच्या घरचं माणूस त्यानंच मारलंय, त्याच्या घरून कोण येणार?"

मग ह्यांनी आसामच्या मचांग लालुंगचं नाव काढलं. १९५१ मध्ये पकडला, तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवला. पुढे बरा झाल्याचं डॉक्टरांनी कळवलं, तरी सुटला नाही. २००५ मध्ये बाहेर आला. चोपन्न वर्षं, आणि त्याचा खटला चाललाच नव्हता. त्याची गोष्ट वेगळी, तो निर्दोष ठरलेला नव्हता, कच्चा कैदीच राहिलेला. पण धागा तोच, असं हे म्हणाले: "त्याला ठेवायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. कुणी काहीच ठरवलं नव्हतं."

"म्हणजे आता तुला मंडळ पटलं?" भाचीनं विचारलं. जरा घाईच केली तिनं.

"नाही," हे म्हणाले. "बसवाल्याला बिनशर्त सोडलं ते मला आजही पटत नाही. आणखी दहा वर्षं डॉक्टरची सही घ्यायला ये, एवढी अट ठेवली असती तर त्याचं काय गेलं असतं? कायदा म्हणतो धोका नसेल तर अट नाही. मी म्हणतो मेलेल्याच्या आईला रात्री झोप यावी एवढ्यासाठी तरी अट ठेवा. तुझा कायदा ह्याला मान्यता देणार नाही. न देऊ दे. माझं मत बदललेलं नाही."

"मग बदललं काय?"

"म्हातारीनं मला कुठे भेटायला येऊ असं विचारलं होतं. मला तेव्हा वाटलं होतं की प्रश्न अडाणीपणाचा आहे."

माझं स्वतःचं मत कुणी विचारलं नाही, तरी सांगते. भाची बरोबर आहे, फक्त ती जिंकल्यासारखं बोलते तेव्हा मला ह्यांची बाजू घ्यावीशी वाटते. बिनशर्त सोडण्याबद्दल मी ह्यांच्याबरोबर नाही. दुसऱ्याच्या झोपेसाठी बऱ्या झालेल्या माणसाच्या गळ्यात दोरी ठेवायची, तर ती शिक्षाच झाली, आणि शिक्षा द्यायची नाही हे तर १८४३ पासून सगळ्यांनाच मान्य आहे. पण त्या आईला उत्तर देणारं कुणी त्या खोलीत नसतं, हेही मला पटत नाही.

परत येऊन आम्हाला तीन महिने झाले. आल्या आल्या ह्यांनी जुन्या कारकुनाला फोन लावला. तो वारला होता. मग माहितीच्या अधिकाराखाली एका मनोरुग्णालयाकडे अर्ज टाकला. कुणाचंही नाव न घालता तीन प्रश्न विचारले: कलम ३३५ खाली पाठवलेले किती जण आज तुमच्याकडे आहेत, त्यातला सगळ्यात जुना कोणत्या साली आला, आणि त्याला ठेवायचं की सोडायचं ह्याचा विचार शेवटचा कोणत्या तारखेला झाला. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. आज एकेचाळिसावा दिवस आहे. पहिल्या अपिलाचा कागद जेवणाच्या टेबलावर पडलाय, सही व्हायची आहे.